आप्पांचे हात धुतले का?

"तुम्ही नेमकं काय करता हो?" हा प्रश्न मला आयुष्यभर लग्नाच्या पंगतीत विचारला गेला, आणि तोही वाढपी पुढच्या पानाकडे सरकेपर्यंतच्या वेळात. तेवढ्यात सांगून होईल असं माझं काम नाही. म्हणून मी "मशीन दुरुस्ती" एवढंच सांगून मोकळा व्हायचो. मग समोरचा माणूस हमखास आपल्या मिक्सरची तक्रार सुरू करायचा. उचगावच्या माझ्या चुलत्यांनी तर शेवटपर्यंत मला विहिरीवरची मोटर बघायला बोलावलं. मी जायचो, मोटर काही सुरू व्हायची नाही, आणि "बेळगावात ऱ्हाऊन काय शिकलास रं?" हे ऐकून परत यायचो.

या अंकात चार पानं मिळाली आहेत, तर आज नीट सांगतो.

प्रयोगशाळेतली जुनी यंत्रं नव्या संगणकावर चालती ठेवायची, हा माझा धंदा. कॉलेजात, साखर कारखान्यात, माती तपासणीच्या केंद्रात अशी यंत्रं असतात. कुणी रंग मोजतं, कुणी क्षार मोजतं. यंत्र पंचवीस-तीस वर्षांचं असतं, पण काच आणि लोखंडाचं असल्यामुळे ते सहसा मरत नाही. मरतो तो त्याच्या शेजारचा संगणक. कंपनीला फोन करावा तर तिकडची गोड आवाजाची मुलगी सांगते की ते मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या. नवीन घ्यायचं तर कॉलेजला निम्मी इमारत विकावी लागेल. मग कुणीतरी म्हणतं, टिळकवाडीत एक आप्पा आहेत, त्यांना विचारून बघा.

जुनं यंत्र नऊ किंवा पंचवीस टाचण्यांच्या सॉकेटमधून बोलतं. आजच्या लॅपटॉपला ते सॉकेटच नसतं. मधली केबल मी करतो. पण केबल जोडली म्हणजे बोलणं सुरू झालं असं होत नाही. यंत्राला कोणत्या शब्दांत विचारलं की ते उत्तर देतं, विचारल्यावर किती वेळ गप्प बसावं लागतं, हे शोधून त्याप्रमाणे प्रोग्राम लिहावा लागतो. तो सुलभा लिहिते. सुलभा माझी बायको. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि पहिल्याच महिन्यात घरी बसून कंटाळली. माझ्या कामात नाक खुपसता खुपसता प्रोग्राम लिहायला शिकली, आणि आता मी तिच्या कामात नाक खुपसतो. सगळे तिला बाई म्हणतात, मीसुद्धा.

लोकांना या कामाचं नवल वाटतं. मला नाही वाटत. आम्ही सीमाभागातली माणसं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बँकेत इंग्रजी, आणि भांडण लागलं की तिन्ही. दोघांच्या मध्ये उभं राहून इकडचं तिकडे सांगायचं काम आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही.

एक नमुना सांगतो. खानापूरकडच्या एका केंद्रात माती तपासायचं यंत्र अचानक बंद पडलं. मी गेलो. यंत्र ठीक, संगणक ठीक, केबल ठीक. दीड दिवस डोकं खाजवलं. शेवटी तिथले शिपाई मामा चहा देता देता म्हणाले, "परवा त्यो आडगळीतला प्रिंटर टाकून दिला, तवापासून ह्याला काय झालंय कुणास ठावं. मैतर गेल्यागत बसलंय बगा." प्रिंटरमध्ये कागद कितीतरी वर्षं घातलेला नव्हता. पण जुना प्रोग्राम पुढे सरकण्याआधी प्रिंटरला "तयार आहेस का?" असं विचारायचा, आणि बिनकागदाचा तो प्रिंटर इमानेइतबारे "आहे" म्हणून सांगायचा. आता उत्तर देणारंच कुणी उरलं नव्हतं. मी चार तारा डाख देऊन जोडून एक छोटा प्लग केला, जो कायम "आहे, आहे" म्हणत राहतो. तो अजून तिथे आहे. काही न करता मान डोलावणारा तो तिथला एकटाच नाही, असं शिपाई मामांचं मत पडलं.

असे किस्से सांगायला मला आवडतं, कारण त्यात मी शहाणा ठरतो. पण आज सांगायचा आहे तो वेगळा आहे.

निपाणीजवळच्या एका गावात गूळ करणाऱ्यांचा एक संघ आहे. त्यांची दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे, आणि ती शैला नावाची केमिस्ट एकटी सांभाळते. निपाणीचीच मुलगी. मुलगी म्हणतो, पण चाळिशी ओलांडलेली. गुळाचा भाव बराचसा रंगावर ठरतो. सोनेरी गूळ वरच्या प्रतीचा, काळपट खालच्या. पूर्वी हे डोळ्यांनी ठरायचं आणि रोज भांडणं व्हायची. म्हणून संघानं कुठल्याशा कारखान्यातून रंग मोजणारं जुनं यंत्र आणलं. गूळ पाण्यात विरघळवायचा, ते पाणी चौकोनी काचेच्या नळीत भरायचं, आणि नळीतून निळा-जांभळा प्रकाश सोडायचा. पिवळ्या-तांबूस गोष्टी हा प्रकाश अडवतात. जितका प्रकाश अडला तितका गूळ काळपट. दोन नळ्या असतात. पहिलीत नुसतं पाणी भरून यंत्राला शून्य दाखवायचं, मग दुसरीत गुळाचं पाणी भरून मोजायचं.

या नळीच्या दोन बाजू स्वच्छ असतात आणि दोन खरबरीत. प्रकाश स्वच्छ बाजूंतून जातो, म्हणून धरायचं खरबरीत बाजूंनी. हा नियम मी बेळगावपासून निपाणीपर्यंत इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवला आहे, की काही ठिकाणी मी दारात दिसलो की लोक आपणहून "खरबरीत बाजूनं, आप्पा" म्हणतात.

त्या यंत्राचा संगणक मेला तेव्हा शैलानं आम्हाला बोलावलं. बाईंनी नवा प्रोग्राम लिहिला. जुना प्रोग्राम रोज सकाळी सुरू होताना एक हट्ट धरायचा. दोन्ही नळ्यांत नुसतं पाणी भरा, दोन्हींचा आकडा सारखा येतो का दाखवा, मगच काम सुरू. मी बाईंना म्हणालो, "हे काढून टाक. रोज सकाळी पाणी-पाणी काय खेळत बसायचं?"

"बनवणाऱ्यानं काही कारणानंच ठेवलं असेल की," ती म्हणाली.

"कारण म्हणजे त्याचा संशयी स्वभाव. माणसांचा वेळ वाचव."

तिनं काढलं. माझ्या सांगण्यावरून काढलं, हे तिनं प्रोग्राममध्ये एका ओळीत लिहूनही ठेवलं. ते मला नंतर कळलं.

यंत्र सुरू करून द्यायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. आमच्या भागात त्या दिवशी कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, आणि माझा तर नेमच आहे. दुरुस्त केलेल्या यंत्राला हळदकुंकू लावल्याशिवाय मी ते मालकाच्या हवाली करत नाही. झेंडूचा हार आला, दारात कोहळा फुटला, समई लागली. समईची वात मीच सारखी केली, यंत्राच्या झाकणाला हळदकुंकू मीच लावलं, आणि "आता चालवून दाखवतो" म्हणून सगळ्यांसमोर दोन्ही नळ्या खाचेत ठेवून आकडाही काढून दाखवला. टाळ्या पडल्या. पेढा खाऊन घरी आलो.

दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं पेटली आणि तीन आठवड्यांत शैलाचा फोन आला. "आप्पा, सगळ्यांचाच गूळ काळपट येतोय. माणसं माझ्या अंगावर यायला लागल्यात."

मी गेलो. माझ्याकडे खात्रीची एक रंगीत काच असते. ती यंत्राच्या खाचेत नळीच्या जागी उभी केली की ठरावीक आकडा यायला हवा. आला, आणि तंतोतंत आला. म्हणजे यंत्र बरोबर, केबल बरोबर, प्रोग्राम बरोबर. मग उरलं कोण? गूळ विरघळवणारी. मी ऐटीत अहवाल लिहिला: "यंत्रणा निर्दोष आहे. द्रावण तयार करण्याच्या पद्धतीची तपासणी व्हावी." खाली सही ठोकली. शैला बाजूला उभी होती. ती काही बोलली नाही, आणि मलाही ते खटकलं नाही. आज हे लिहिताना खटकतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती बसनं आमच्या घरी आली. हातात नोंदवही होती. बाईंनी पाणी दिलं तेही तिनं तसंच ठेवलं.

"आप्पा, तुमचा कागद मीटिंगमध्ये वाचून दाखवला," ती म्हणाली. "यंत्र बरोबर हाय म्हटल्यावर मीच खोटी की. मी व्यापाऱ्याला सामील हाय म्हणत्यात. मुद्दाम मालाची प्रत पाडून दाखवते म्हणे. उद्या दुपारी कमिटी बसणार, मला काढणार. नोकरी गेली तर दुसरी बघीन ओ, पर त्याच गावात मला ऱ्हायाचंय. लेकीला शाळेत पोरं काय म्हणत असतील?"

मी उगाचच घसा साफ केला. मदतीला आली ती बाई. तिनं विचारलं, "वहीत काय आणलंयस?"

वहीत एक चिठ्ठी होती. शिवाप्पा अण्णा म्हणून एक जुने गूळकरी आहेत. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ते नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगतात. आपला गूळ खालच्या प्रतीत गेल्याचा त्यांना इतका राग आला, की ते पाच ढेपांचे तुकडे घेऊन थेट बेळगावच्या एका कॉलेजात गेले आणि तिथल्या यंत्रावर मोजून चिठ्ठी आणून शैलाच्या टेबलावर आपटली. त्याच पाच तुकड्यांचे शैलाचे आकडे वहीत होते.

बाईंनी चष्मा लावला आणि पाच वजाबाक्या केल्या. शाळेतल्या वह्या तपासायची तिला सवय, तसं पेन्सिलीनं पाचही उत्तरांखाली रेघ मारली.

"आप्पा, इकडे बघा. पाचही वेळा फरक जवळजवळ सारखाच आहे. हिनं द्रावण घट्ट केलं असतं तर काळ्या गुळात फरक मोठा आला असता आणि पिवळ्या गुळात लहान. इथं तसं नाही. प्रत्येक आकड्यात कुणीतरी तेवढीच भर घातलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे हिचा हात चुकलेला नाही. तुम्ही जे लिहून दिलंत ते चूक आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी चूक इतक्या शांतपणे तिनं कधी सांगितली नव्हती. शैलानं पदर डोळ्याला लावला आणि मगच ती तांब्याभर पाणी प्याली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं तिकडे पोचलो. कमिटी बसायला अजून तीन तास होते. बाईंनी लॅपटॉपसमोर बसून जुन्या प्रोग्रामचा तो हट्ट परत चालू केला. दोन्ही नळ्यांत नुसतं पाणी भरलं. पहिलीचा आकडा शून्य. दुसरीचा शून्य नाही. पाणी तेच, यंत्र तेच, आणि वर चढलेला फरकही तोच, वजाबाकीतला. मग तिनं प्रकाशाचा रंग बदलत नेला. तांबड्या प्रकाशात फरक जवळजवळ नाहीसा झाला. निळ्या-जांभळ्यात परत उभा राहिला.

"पाणी दिसायला स्वच्छ आहे," बाई म्हणाली. "मग नळीवर काहीतरी पिवळं आहे."

शैला म्हणाली, "बाई, नळी मी रोज पाण्यानं धुते, रोज पुसते."

"पाण्यानं न जाणारं पिवळं काय असतं गं घरात?"

शैला माझ्या हाताकडे बघायला लागली. बाईही बघायला लागली. मग मीही बघितलं. खंडेनवमीची सकाळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. समईच्या तेलात माखलेलं माझं बोट, तेच हळदीत बुडवलेलं, आणि त्याच बोटांनी टाळ्या घेण्याच्या घाईत उचललेली दुसरी नळी. स्वच्छ बाजूनं धरलेली! आयुष्यभर जगाला खरबरीत बाजू सांगत फिरलो, आणि माझी पाळी आली तेव्हा भलतीच बाजू धरली. हळद पाण्यात विरघळत नाही, त्यात ती तेलातली. शैलानं रोज पुसून पुसून त्या हळदीचा पातळ, दिसणारही नाही असा थर नळीवर एकसारखा पसरला होता. माझ्या रंगीत काचेला हे कळणार नव्हतं, कारण ती ठेवताना नळी बाहेर काढलेली असते. कळलं असतं ते रोज सकाळच्या पाणी-पाणी खेळात. तो खेळ मी बंद करवला होता. यंत्राचा नेम मोडला आणि माझा तेवढा पाळला.

कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन मी नळी पुसली. बोळा पिवळा झाला. नळी खाचेत ठेवली, आकडा शून्य.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पाप आलं. आमच्या धंद्यात एक वाक्य फार उपयोगी पडतं: "किरकोळ अ‍ॅडजस्टमेंट होती, करून दिली." हे वाक्य मी असंख्य वेळा वापरलंय. बोळा कचऱ्यात टाकला असता, वाक्य म्हटलं असतं, तर यंत्र सुधारलं असतं, शैलाही कदाचित सुटली असती, आणि माझ्या अहवालाकडे कुणी परत बघितलंही नसतं. पण ती लबाड नव्हती हे मात्र कुणाला कळलं नसतं. मी बोळा हातात घेऊन तसाच उभा होतो.

बाई लॅपटॉपवरून मान न वळवता म्हणाली, "तो कापूस खिशात ठेवा."

मी ठेवला.

कमिटी बसली. पंधरा-वीस गूळकरी, मध्ये चेअरमन, भिंतीला टेकून शैला. चेअरमननी माझा अहवाल पुढे ओढला आणि म्हणाले, "बोला आप्पा, तुमचंच लिवणं हाय."

मी उठून उभा राहिलो. "हा कागद चुकीचा आहे," मी म्हणालो, "आणि चूक शैलाबाईंची नाही, माझी आहे." खिशातून पिवळा कापूस काढून टेबलावर ठेवला आणि समई, हळद, बोट, नळी, सगळं होतं तसं सांगितलं. पाणी-पाणी खेळ मीच बंद करवला हेही सांगितलं.

शिवाप्पा अण्णा पुढे आले. त्यांनी तो कापूस उचलून नाकाशी धरला, उजेडात धरला आणि म्हणाले, "म्हंजे आप्पा, आमच्या गुळाला हळद लावलासा व्हय तुमी? आन् वरात ह्या पोरीची काढत होतो आमी, हिकडं!"

सभा जी हसली ती थांबेना. चेअरमननी टेबलावर हात आपटून बघितला, मग तेही हसायला लागले. हसू ओसरल्यावर अण्णा शैलाकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला होता. "पोरी, मी लई वंगाळ बोललो तुला. चारचौघांत बोललो, तवा चारचौघांतच सांगतो. चुकलं माझं."

शैला एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमचा डोळा बरोबर होता. माझा हातपण बरोबर होता."

पुढचे आठ दिवस तिनं बरण्यांत राखून ठेवलेले सगळ्यांच्या गुळाचे तुकडे पुन्हा मोजले आणि नवे दाखले लिहून दिले. त्यातले चार दिवस मी तिच्या हाताखाली बरण्यांची झाकणं उघडून द्यायला होतो. नळीला हात लावायची मला परवानगी नव्हती.

बाईंनी प्रोग्राममध्ये पाणी-पाणी परत घातलं, आणि त्याच्याही आधी, पडदा उजळल्याबरोबर, एक नवा प्रश्न घातला: "आप्पांचे हात धुतले का?" खाली एकच बटण, "होय". ते दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. मी खूप हातापाया पडलो, निदान "आपले हात" असं कर म्हणालो. ती म्हणाली, शैलाला विचारा, ती हो म्हणाली तर काढते. शैलाला विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे ओ आप्पा. सकाळी सकाळी तेवढंच हसू येतंय."

आता तो प्रोग्राम आम्ही जिथे जिथे बसवला आहे तिथे तिथे गेला आहे. ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही अशी माणसं रोज सकाळी माझ्या हातांची हमी देऊन कामाला लागतात.

यंदा गुडघ्यामुळे मी बाहेरची कामं सोडली. शेवटची चक्कर म्हणून शैलाच्या प्रयोगशाळेत गेलो. ती नमुने आणायला गुऱ्हाळावर गेली होती, किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेली. दार उघडलं, खुर्चीत बसलो, लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला. हळदीला मी सकाळपासून शिवलोही नव्हतो. खोलीत मी एकटाच होतो, "होय" दाबायला एक बोट पुरे होतं.

मी गुडघा धरून उठलो, बेसिनपाशी गेलो आणि दोन्ही हात साबण लावून धुऊन आलो.